चालता-बोलता

परवा आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचं तपासणी शिबिर होतं. जळगावात अशी शिबिरं वरचेवर होतात. रक्तदाब, साखर, डोळे आणि शेवटी चहा-बिस्किट असा ठरलेला कार्यक्रम. या वेळी मात्र हॉलच्या एका कोपऱ्यात फरशीवर निळ्या चिकटपट्टीच्या दोन रेषा मारलेल्या दिसल्या. त्यांच्यात अंतर चार मीटर. शेजारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी हातात स्टॉपवॉच घेऊन उभी होती.

"सर, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत चालायचं. घाई नको. बाजारात जाताना चालता ना, तसं."

मला हसू आलं. चौतीस वर्षं वर्गात येरझारा घालत इतिहास शिकवला, आता या वयात चालण्याची परीक्षा! चाललो. ती म्हणाली, पुन्हा एकदा. पुन्हा चाललो. दोन्हींतली चांगली वेळ तिने वहीत लिहिली : ६ सेकंद. मग हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला लावली. त्याला १७ सेकंद लागले, आणि चौथ्या वेळी हात आपोआप खुर्चीकडे गेला तो तिने बरोबर पाहिला.

"सहा सेकंद म्हणजे चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"सेकंदाला ०.६७ मीटर झालं, सर. ०.८ च्या खाली आलं की आम्ही जरा लक्ष देतो. आपल्या आशियाई लोकांसाठी तर आता १ मीटर धरतात."

म्हणजे नापास. तोही काठावर नव्हे, चांगला सपशेल. माझ्या मागून सौभाग्यवती चालली, तिला पाच सेकंदही लागले नाहीत. घरी येताना ती काही बोलली नाही, पण मी मागे राहिलो की दर वीस पावलांवर थांबत होती. हे ती गेलं वर्षभर करते आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

त्या मुलीच्या कागदावर 'फ्रेल्टी' असा शब्द होता. मराठीत काय म्हणाल, असं तिने मला मराठीचा माणूस समजून विचारलं. जर्जरता हा शब्द पुस्तकी आहे, दुर्बलता त्याहून पुस्तकी. रात्री पडल्या पडल्या आठवलं की आपल्याकडे शब्द आहेच. "दादा आता थकलेत." हे आपण दिवसभराच्या कामाने दमलेल्या माणसाबद्दल म्हणत नाही. तो झोपून उठला की ताजा होतो. थकलेला म्हातारा झोपून उठला तरी थकलेलाच असतो. त्याला रोग कोणता म्हणून विचारलं तर नाव सांगता येत नाही, पण गाव ओळखतं. कशावरून? चालीवरून. लांबून येणारी आकृती पाहून ओट्यावरची माणसं म्हणतात, "अण्णा या वर्षी खचले." घड्याळ नसलेली ही तपासणी आपल्याकडे किती पिढ्या चालू असेल! आणि आपल्या लोकांचं देवाजवळचं मागणंही तेच असतं : चालता-बोलता न्यावं. आमच्या अहिराणीत तर कुठे निघालात हे विचारायचं झालं तरी "कथा चालनात?" असंच विचारतात. तिथे जाणं आणि चालणं हे एकच.

असो. इतिहासाचा मास्तर नापास झाला की तो इतिहासात आधार शोधतो. मीही शोधला, आणि तो मला धुळ्यात सापडला.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं धुळ्यात गेली. त्या गावाला इतिहासाची कमतरता नाही. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि ब्रिग्ज साहेबाने इथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. तेव्हापासून धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि पत्ता सांगताना आम्ही अजून 'चार नंबर गल्ली' असंच म्हणतो. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करत आयुष्य काढून शेवटी इथेच आले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. निदान आमच्या वेळी असे.

विनोबांनी पुढे आपल्या तुरुंगवासाच्या आठवणी सांगितल्या आहेत. त्यांत एका एकांत कोठडीची हकीकत येते. कोठडी जेमतेम आठ-नऊ फुटांची. काम दिलेलं नाही, पुस्तक नाही. मग या माणसाने दिवसाचा हिशेब मांडला : झोप इतके तास, ध्यान इतके, जेवण-आंघोळ इतके, आणि उरलेले आठ तास त्या कोठडीत येरझारा. भजनं म्हणत चालायचं. आपला वेग ताशी दीड मैल धरून रोज दहा मैल तरी चालणं होतं, असा त्यांचा अंदाज.

ताशी दीड मैल! मी कागद-पेन्सिल घेतली. दीड मैल म्हणजे २.४ किलोमीटर. ३,६०० सेकंदांनी भागा. ०.६७ मीटर. माझा आणि विनोबांचा वेग दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांपर्यंत एकच निघाला. मी सौ.ला हाक मारून तो कागद दाखवला. ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला गेलो तेव्हा तो कागद त्या मुलीलाही दाखवला. तिने आदराने पाहिला आणि मग विचारलं, "सर, आठ फुटांच्या खोलीत दर तीन-चार पावलांना वळावं लागत असेल ना? वळताना वेग मोडतो. म्हणून तर आम्ही सरळ रेषेत चालायला लावतो. आणि ते आठ तास चालायचे. तुम्ही किती चालता?"

मी मेहरूण तलावावर जातो. पूर्वी चक्कर मारायचो, आता बाकावर बसून मारणाऱ्यांना पाहतो. हे मी तिला सांगितलं नाही.

तिचं म्हणणं खरं होतं. ज्या पुराव्याचा संदर्भ सोडून सोयीचा आकडा उचलला, तो पुरावा नव्हे, असं मीच मुलांना शिकवत आलो. कोठडीतल्या विनोबांचा वेग भिंतींनी ठरवला होता. माझ्या पुढे भिंत नव्हती.

पण विनोबांच्या चरित्रातच माझ्या स्थितीच्या जास्त जवळचा एक प्रसंग आहे, आणि तो मी इतकी वर्षं वाचूनही नीट वाचला नव्हता. १९३८ साल. विनोबांचं वय बेचाळीस. प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे चाळीस किलो. गांधीजींनी त्यांना हवापालट करायला सांगितलं. विनोबांनी थंड हवेचा डोंगर न निवडता वर्ध्यापासून जवळच पवनारला जमनालाल बजाजांचा बंगला होता तो निवडला. मोटारीने गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना सगळ्या कामाचा भार मनातून टाकून दिल्याचं ते सांगतात. हे सगळं आपल्या लक्षात राहतं, कारण ते आध्यात्मिक आहे. पुढचं राहत नाही. पुढे ते कुदळ घेऊन अंगणात खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त. असं चढवत चढवत दोन तासांपर्यंत. उरलेला वेळ विश्रांती. दहा-बारा महिन्यांत वजन ८८ चं १२८ पौंड झालं.

आजचे वार्धक्याचे डॉक्टर जे सांगतात ते याहून फार वेगळं नाही. थोडं सुरू करा, रोज करा, जराजरा वाढवा, पोटाला नीट द्या.

याच शरीराने तेरा वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान घेतलं, आणि त्याच वर्षीच्या १२ सप्टेंबरला, छप्पन्नावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, पवनारहून दिल्लीला पायी निघालं. मग परत पवनारला मुक्कामाला यायला १९६४ उजाडलं. मधली सगळी वर्षं पदयात्रा. १९५८ साली ते महाराष्ट्रातून पश्चिम खानदेशमार्गे गुजरातेत गेले. पश्चिम खानदेश म्हणजे आताचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. माझे वडील तेव्हा त्या भागात प्राथमिक शिक्षक होते. विनोबा जवळपास आलेत हे कळताच त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि पदयात्रेत गेले. मी आठ वर्षांचा. मला नेलं नाही, याचा राग मी पुष्कळ दिवस धरला होता. वडील परत आले ते पायाला फोड घेऊन. प्रवचनात काय झालं हे त्यांनी फारसं सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पहाटे अंधारात कंदिलाच्या मागे निघालेला तो त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा इतका झपझप चालतो की आम्हा पस्तिशीतल्या मास्तरांना मधूनमधून पळावं लागे.

गांधीजी दांडीला निघाले तेव्हा त्यांचीही साठी उलटली होती. १२ मार्च ते ५ एप्रिल १९३०, सुमारे २४० मैल, आठवड्यातून एक दिवस विसावा. शाळेत आम्ही दांडीयात्रा मिठासाठी शिकवतो. साठीच्या माणसाच्या पायांसाठी ती कुणी शिकवत नाही. मीही शिकवली नाही.

आता थोडं डॉक्टरांच्या बाजूचं सांगतो. हे मी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात वाचलेलं आहे. त्यातला इतिहास मला रंजक वाटला आणि थोडा बोचलाही.

लंडनजवळ वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल आहे. १९३५ साली शेजारच्या अनाथ-गरिबांच्या जुन्या दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि सातशेहून अधिक खाटा मार्जरी वॉरेन नावाच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली आल्या. त्या खाटांवर म्हातारी माणसं वर्षानुवर्षं पडून होती. आजार काय, तर म्हातारपण. उपचार काय, तर पडून राहणं. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं आणि उठवायला सुरुवात केली. भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढवला, माणसं खुर्चीत बसवली, मग उभी केली, मग चालवली. त्यातली पुष्कळ माणसं घरी गेली. बिछान्याने त्यांना बरं केलं नव्हतं. बिछान्यानेच त्यांना खिळवलं होतं. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी यावर लेख लिहिले, आणि विलायतेत वार्धक्याच्या वैद्यकाची सुरुवात तिथून धरतात.

त्यानंतर मोजण्याचं शास्त्र आलं. १९८६ साली बर्मिंगहॅमच्या तिघांनी, त्यात एक आडनाव आपल्या ओळखीचं, नायक, एक सोपी कसोटी मांडली : खुर्चीवरून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. पाहणाऱ्याने तोल कसा आहे ते पाहायचं. पाच वर्षांनी कॅनडात त्याला घड्याळ जोडलं गेलं. १९९४ साली अमेरिकेत गुराल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाहत्तर वर्षांवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांना तीन गोष्टी करायला लावल्या : तोल सांभाळून उभं राहणं, आठ फूट चालणं, खुर्चीवरून पाच वेळा उठणं. म्हणजे मी जे केलं तेच. त्यातलं खरं महत्त्वाचं पुढच्या वर्षी बाहेर आलं. जे लोक "मला काही त्रास नाही" असं सांगत होते, त्यांच्यातही या कसोटीत कमी गुण मिळालेले चार वर्षांत जास्त प्रमाणात परावलंबी झाले. मला काही त्रास नाही, हे वाक्य मी शिबिराच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं.

२००१ साली लिंडा फ्रीड यांनी त्या 'थकलेत'ची व्याख्या केली. नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंद चाल, कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन असतील तर माणूस थकला. एक-दोन असतील तर तो उंबरठ्यावर. २०११ साली चौतीस हजारांहून अधिक वृद्धांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा नुसत्या चालण्याच्या वेगावरून उरलेल्या आयुष्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो असं दिसलं. यात जादू काही नाही. एक पाऊल टाकायला हृदय, फुफ्फुस, डोळे, कानातला तोल, मेंदू, नसा, गुडघे आणि मांड्यांचे स्नायू एवढे सगळे लागतात. कुणा एकानेही काम कमी केलं तरी उशीर चालीत दिसतो. पंगतीत एक वाढपी कमी पडला की सगळी पंगत लांबते, तसं.

आपल्याकडेही हे मोजलं गेलं आहे, आणि ते काम मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलं. २०१७ पासून देशभर पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी झाली. त्यात साठीच्या पुढच्यांना घरातच चार मीटर चालायला लावून वेळ घेतली, हाताची पकड यंत्राने मोजली. खेड्यातल्या ओसरीत टेप लावून आजीबाईंना चालवणारे ते कार्यकर्ते मला डोळ्यांपुढे दिसतात. आजी म्हणाली असेल, "काय रे बाबा, मला शर्यतीला पाठवतोस?"

याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय, हे पाहायचं असेल तर जळगावात आकाशवाणी चौकात उभं राहावं. पायी रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून सिग्नल आखायची पद्धत जगभर आहे. चौदा मीटर रुंदीचा रस्ता त्या हिशेबाने बारा सेकंदांत संपतो. माझ्या चालीने एकवीस लागतात. उरलेले नऊ सेकंद मी कुणाच्या भरवशावर चालायचे? समोरून ट्रक येत असतो. इंग्लंडमधल्या वृद्धांच्या पाहणीतही बहुतेकांचा वेग १.२ पेक्षा कमीच भरला होता, म्हणजे आपणच काही मागासलेले नाही.

हे सगळं वाचताना मला आईची आठवण येत राहिली. खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आणि इतका वेळ इकडे तिकडे फिरलो.

आमची आई यावल तालुक्यातली. वडील गेल्यावर १९८९ साली ती धुळ्याला आमच्याकडे राहायला आली. वय चौसष्टच्या आसपास; जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. गावी असताना ती रोज शेतात जायची, जाऊन-येऊन सहा किलोमीटर, येताना डोक्यावर गुरांसाठी गवताचा भारा. आषाढीला मुक्ताबाईच्या पालखीबरोबर दोनदा पंढरपूरला जाऊन आली होती. मुक्ताईनगराहून निघणारी ही पालखी महिनाभराच्या वर चालते, सगळ्यात लांबच्या पल्ल्याच्या पालख्यांत तिची गणना आहे. त्या वाटेवर सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात, त्यांना स्टॉपवॉच लावायची कुणाची हिंमत नाही.

धुळ्यात आम्ही तिला काय दिलं? पलंग दिला. पंखा दिला. नंतर टीव्ही दिला. ती भांड्यांना हात लावायला गेली की सौ. म्हणायची, "आई, तुम्ही बसा." ती पिशवी घेऊन भाजीला निघाली की मी म्हणायचो, "आई, तू बस, मी आणतो." मुलंसुद्धा म्हणायची, आजी तू बस. आयुष्यभर कष्टलेल्या बाईला सुख द्यायचं, यापेक्षा वेगळा हेतू कुणाच्याच मनात नव्हता. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारीने नशीब काढलं. तीही म्हणत असे. फक्त सुरुवातीला अधूनमधून म्हणायची, "मला काही काम दे रे." नंतर म्हणेनाशी झाली. मला वाटलं, रुळली.

चार वर्षांत तिची चाल बदलली. पाय उचलून टाकण्याऐवजी ती ते फरशीवरून सरकवू लागली. उठताना पलंगाच्या कडेला हात रोवू लागली. लुगडं ढिलं होऊ लागलं. आज त्या पाच खुणांपैकी मी तिच्या नावापुढे किमान चार खुणा करीन. तेव्हा मी म्हणायचो, वय झालं.

१९९४ च्या पावसाळ्यात ती मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे आराम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या काळी असंच सांगत. तीन आठवड्यांचे आम्ही तीन महिने केले, तेही प्रेमाने. पुन्हा पडली तर? मी शाळेतून आलो की आधी ती पलंगावर आहे ना हे पाहायचो, आणि असली की मला बरं वाटायचं. दिवाळीत तिला उभं करायला गेलो तर पाय उभेच राहिनात. पुढल्या वर्षी ती गेली. चालता-बोलता न्यावं, असं तीही देवाला म्हणायची. बोलता बोलता गेली, एवढं अर्धंच देवाने ऐकलं. की अर्धं आम्ही अडवलं?

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. सरासरी ६७ वर्षांच्या अकरा धडधाकट माणसांना दहा दिवस बिछान्यात ठेवलं. दहाच दिवस. पायांचं जवळजवळ किलोभर मांस कमी झालं. आम्ही आईला नव्वद दिवस ठेवलं. आणि तीही धडधाकट असताना नव्हे, चार वर्षं बसवून ठेवल्यानंतर. वॉरेनबाईंचे लेख तेव्हा अर्धशतक जुने झाले होते. पण धुळ्यातल्या एका मास्तरापर्यंत ते पोचायची काही वाट नव्हती, हे मी स्वतःला सांगतो. मग दुसरं मन म्हणतं, विनोबांची पाच मिनिटांची कुदळ तर तुझ्या कपाटात होती.

बहीण म्हणते, दादा, इतकं मनाला लावून घेऊ नको, सगळ्यांच्या घरी तसंच चालायचं. ते खरंच आहे. अजूनही तसंच चालतं. निवृत्त माणसाला मुलगा गाडीवरून सोडतो, सून पाण्याचा पेला हातात आणून देते, नातू चष्मा शोधून देतो. आपल्याकडे म्हाताऱ्याला जागेवरून हलू न देणं याला सेवा म्हणतात. सेवेत खोट काढणारा कृतघ्न ठरतो, म्हणून म्हातारेही गप्प बसतात. माझ्या मुलाने मागच्या वर्षी मला फोनवर दळण, औषधं, भाजी सगळं घरपोच लावून दिलं, तेव्हा मीही खूश झालो होतो. हिशेब केला तर त्या दिवसापासून माझं रोजचं दीड-दोन किलोमीटर चालणं बंद झालं.

म्हणून ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, की गेलेली चाल थोडीफार परत येते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. नऊ जण टिकले. त्यांच्या पायांची ताकद पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. नव्वदीत! २०१४ साली सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या सोळाशेवर लोकांचा मोठा अभ्यास आला. अडीच वर्षं एका गटाला चालणं आणि पायांचे व्यायाम दिले, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. व्याख्यानवाल्यांत शंभरातले साधारण पस्तीस जण चारशे मीटर चालण्याइतकेही उरले नाहीत, व्यायामवाल्यांत तीस. फरक डोळे दिपवणारा नाही, हे मला मान्य. पण त्या पाचांत आपली आई असती तर? शिवाय आयुष्यभर व्याख्यानंच देत आलेल्या माणसाला हा निकाल विचार करायला लावणारा आहे.

त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला चार गोष्टी लिहून दिल्या. खुर्चीवरून हात न लावता उठणं, आधी पाच वेळा, मग दर आठवड्याला एक जास्त. ओट्याला धरून टाचा उचलणं. सकाळ-संध्याकाळ चालणं, रोज कालच्यापेक्षा दोन मिनिटं जास्त. जेवणात वरण वाटीभर, दूध किंवा अंडं. गुडघे-छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हेही तिने खाली लिहिलं. दळणाचं घरपोच मी बंद करून टाकलं आहे. चक्कीवाल्याने विचारलं, "सर, बऱ्याच दिवसांनी? गावाला गेले होते का?"

घरच्या व्हरांड्यात मी पट्टीने चार मीटर मोजून खडूने दोन रेषा काढल्या आहेत. दर रविवारी सकाळी सौ. मोबाइलवरचं घड्याळ लावते. सात आठवडे झाले. या रविवारी पाच सेकंद आणि वर थोडं आलं. मी वहीत लिहायला वळलो तर ती म्हणाली, "थांबा. पाऊल तुम्ही आधीच टाकलं होतं. हे धरायचं नाही, परत जा."

मी परत जाऊन रेषेवर उभा राहिलो.